समाजवादावर बोलायला अर्थशास्त्राची पदवी लागते का?

मागच्या दिवाळीत चँडलरमध्ये ओळखीच्या एका घरी आम्ही फराळाला जमलो होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने इंटेलमध्ये जवळजवळ दहा टक्के हिस्सा घेतला होता. आमच्या गावातली बरीच मराठी घरे या ना त्या नात्याने चिपच्या धंद्याशी जोडलेली, त्यामुळे चिवड्याच्या बशीबरोबर तोच विषय फिरत होता. एक जण म्हणाला, हा तर समाजवाद झाला. दुसरा म्हणाला, छे, हा नुसता व्यवहार आहे.

नगर जिल्ह्यातून मुलाकडे आलेले एक काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्या साखर कारखान्यातही सरकारचं भागभांडवल होतं. त्याला समाजवाद म्हणायचं की सहकार, यावर आमचे वडील आणि चुलते रात्र रात्र भांडायचे." त्यावर एक तरुण हसून, पण ठामपणे म्हणाला, "काका, तुम्ही इकॉनॉमिक्स शिकलायत का? मग हा विषय आपण तज्ज्ञांवरच सोडूया." काका गप्प झाले. मीही काही बोललो नाही. तो तरुण स्वतः चिप डिझाइनमधला इंजिनिअर, अर्थशास्त्र त्यानेही शिकलेले नाही, हे मला घरी परतताना गाडीत सुचले. त्या वेळी जे बोलायचे राहिले ते आता तुमच्यापुढे मांडतो.

आधी त्या तरुणाची बाजू घेऊ, कारण त्याचा प्रश्न अगदीच पोकळ नाही. १९२० साली लुडविग फॉन मिझेस या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने समाजवाद्यांना एक अवघड सवाल केला. कारखाने, यंत्रे, जमीन सगळेच सरकारच्या मालकीचे झाले, तर या वस्तूंचा बाजार उरणार नाही. बाजार नाही तर किंमत नाही. मग पोलाद रुळांसाठी वापरावे की नांगरांसाठी, याचा हिशेब कशावर करणार? १९३० च्या दशकात ऑस्कर लांगे या पोलिश अर्थशास्त्रज्ञाने उत्तर दिले की नियोजन मंडळ किमती ठरवून पाहील, माल कमी पडला तर वाढवील, साठून राहिला तर उतरवील. हा वाद समजून न घेता समाजवादाची बाजू घेणारा किंवा त्याला झोडपणारा माणूस अर्धेच बोलतो. तेव्हा अभ्यास हवाच. प्रश्न एवढाच आहे की अभ्यास नसेल तर तोंड बंद ठेवावे का?

हा प्रश्न एका फार मोठ्या माणसाने स्वतःलाच विचारला होता. मे १९४९ मध्ये अमेरिकेत 'मंथली रिव्ह्यू' हे मासिक निघाले. त्याच्या पहिल्याच अंकात आइन्स्टाइनने समाजवादाच्या बाजूने लेख लिहिला आणि सुरुवातच या शंकेने केली. त्याचे म्हणणे असे, की शास्त्र साधने पुरवू शकते, पण कुठे जायचे हे शास्त्र ठरवत नाही. आता अगदी विरुद्ध टोकाचा माणूस घ्या. समाजवादाचा कडवा टीकाकार फ्रेडरिक हायेक १९७४ साली अर्थशास्त्राचे नोबेल घेताना मेजवानीच्या भाषणात म्हणाला, की या पारितोषिकाने अर्थशास्त्रज्ञाला असा अधिकार मिळतो, जो कुणाही माणसाकडे असू नये. या दोघांचे समाजवादावर कधीच जमले नसते, पण तज्ज्ञाच्या शब्दाला किती वजन द्यावे याबाबत दोघेही सावध होते.

आता घरचे उदाहरण. १५ नोव्हेंबर १९४८, दिल्ली, संविधान सभा. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले प्रा. के. टी. शाह यांनी दुरुस्ती मांडली, की भारताच्या वर्णनात 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यीय, समाजवादी' हे शब्द घालावेत. उत्तराला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबियात १९१३ ते १९१६ अर्थशास्त्र शिकलेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे डी.एस्सी., रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणारे. त्या सभागृहात पदवीच्या जोरावर बोलायचा हक्क कुणाला असेल, तर तो यांना.

बाबासाहेब समाजवादाचे वैरी होते असेही नाही. १९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनीच मूलभूत उद्योग, विमा आणि शेती सरकारच्या हाती असावी आणि ते संविधानातच लिहून ठेवावे, असे सुचवले होते. तरीही शाह यांना त्यांनी विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे, ते संविधानात आधीच बांधून टाकले तर लोकशाहीच मोडते, असा त्यांचा मुद्दा होता. शिवाय समाजवादी आशयाची मार्गदर्शक तत्त्वे मसुद्यात आहेतच, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. दुरुस्ती नामंजूर झाली. 'समाजवादी' हा शब्द उद्देशिकेत आला तो पुढे १९७६ मध्ये, ४२ व्या घटनादुरुस्तीने.

आता यात काय दिसते पाहा. दोघेही अर्थशास्त्रातले जाणकार, दोघांनाही समाजवादाबद्दल आस्था, तरी दोघे समोरासमोर उभे. आंबेडकरांची स्वतःची भूमिकासुद्धा दोन वर्षांत वेगळी दिसते. पदवीने त्यांना एकच उत्तर दिले नाही. पण काय ठरवायचे आणि ते कुणी ठरवायचे हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे त्यांनी स्पष्ट करून दाखवले. दुसऱ्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर होते लोकांनी. अर्थशास्त्रज्ञांनी, असे ते म्हणाले नाहीत.

आणि लोकांनी ठरवणे म्हणजे काय, हे काकांच्याच जिल्ह्यात घडत होते. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. कालव्याला पाणी आले, ऊस आला, आणि उसाचा भाव कोण ठरवणार हे भांडणही आले. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले. या दोघांनी मिळून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५०-५१ च्या हंगामात तो सुरू झाला आणि पहिले अध्यक्ष गाडगीळ झाले. भांडवल, कर्ज, उसाच्या बिलातून करायची कपात हे हिशेब गाडगीळांना कळत. कोणत्या वस्तीवरचा शेतकरी कुणाच्या शब्दावर भाग घेईल, हे विखे पाटलांना कळे. एकाने दुसऱ्याला "तुम्ही काय शिकलात?" असे विचारले असते, तर कारखाना कागदावरच राहिला असता.

आता खिडकीबाहेर बघा. चँडलर हे गाव १९१२ साली डॉ. ए. जे. चँडलर या जनावरांच्या डॉक्टरांनी वसवले. या वाळवंटात शेती आणि वस्ती टिकली ती कालव्यांच्या पाण्यावर. सॉल्ट नदीवरचे रूझवेल्ट धरण १९११ मध्ये खुले झाले. पैसा केंद्र सरकारचा, आणि तो फेडण्याची हमी १९०३ मध्ये संघ करून शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी तारण ठेवून दिली. हा समाजवाद का? नाव काहीही द्या. पण एक फरक माझ्या मनात राहिला आहे. प्रवरेला एक सभासद, एक मत. इथल्या सॉल्ट रिव्हर प्रकल्पाच्या निवडणुकीत मत जमिनीच्या एकरांवर मोजले जाते, आणि १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवले. मत माणसाला असावे की एकराला? यातला कुठला मार्ग स्वस्त पडतो, हे अर्थशास्त्र सांगेल. योग्य कुठला, हे त्याच्या पुस्तकात सापडणार नाही.

काकांची बाजू घेताना त्यांच्या कारखान्याबद्दलही खरे बोलले पाहिजे. एक सभासद, एक मत हे उसाच्या मालकांसाठी होते. बीडकडून दर हंगामाला येणारे ऊसतोड कामगार सभासद नव्हते. मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांचे मिळून एक अवजार! त्या कोयत्याला भागही नव्हता आणि मतही नव्हते. कारखाना उभारताना अर्थशास्त्रज्ञ हजर होता, शेतकरी हजर होता, पण कोयत्याला विचारायचे राहून गेले. 'शिकलेल्यांनीच बोलावे' या नियमाने नेहमी असेच होते. जो गप्प बसवला जातो, बहुतेक वेळा त्याच्याच हाताला त्या हिशेबाचे चटके बसत असतात.

म्हणून तुम्हाला माझी विनंती दुहेरी आहे. पुढच्या वेळी हा विषय निघाला, तर मिझेस आणि लांगे यांचा वाद वाचून या. मत त्याने बदलेलच असे नाही, पण निदान तुमचे बोलणे नेमके होईल. आणि समोर कुणी न शिकलेला बोलत असेल, तर त्याची पदवी विचारू नका. त्याने काय पाहिले ते विचारा.

काका जानेवारीत परत गेले. निघण्याआधी मी त्यांना फोन करून विचारले, वडील आणि चुलत्यांच्या त्या भांडणात शेवटी जिंकले कोण? ते हसले. म्हणाले, "जिंकतंय कोण? दोघं भागधारक होते. मिटिंगला मात्र दोघंही जायचे."