कारवानी कुत्रा आणि श्वान-प्रदर्शनाचे रिंगण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
सांगली जिल्ह्यात जातिवंत जनावरांची पारख प्रामुख्याने जत्रांमधून होत आली आहे. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या जत्रेत खिल्लार खोंडाचे दात, शिंगे, कातडी व चाल पाहून सौदा ठरतो. वंशावळीचा कागद तेथे कोणी मागत नाही. याच जिल्ह्यातील जत परिसरात आणि शेजारच्या मुधोळ भागात जोपासला गेलेला कारवानी कुत्रा मात्र विसाव्या शतकात एका निराळ्या परीक्षेला सामोरा गेला. ही परीक्षा म्हणजे श्वान-प्रदर्शन होय. या प्रदर्शनाची कार्यपद्धती आणि कारवानी कुत्र्याचा इतिहास यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रदर्शनाचा उगम :
आधुनिक श्वान-प्रदर्शनाचा प्रारंभ जून 1859 मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. तेथे पॉइंटर व सेटर या दोनच शिकारी जातींची सुमारे 60 कुत्री मांडली गेली आणि विजेत्यांना बक्षीस म्हणून बंदुका देण्यात आल्या. यावरून प्रदर्शनाचे शिकारीशी असलेले मूळ नाते स्पष्ट होते. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला व पुढच्याच वर्षी त्याची वंशनोंदवही प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ‘जातिवंत’ या शब्दाला ‘नोंदणीकृत’ असा अर्थ प्राप्त झाला. भारतात ही व्यवस्था चेन्नई येथे मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियामार्फत चालते.

कार्यपद्धती :
नवख्या मालकास प्रथमदर्शनी असे वाटते की रिंगणातील कुत्र्यांची एकमेकांशी तुलना होते. वस्तुतः परीक्षक प्रत्येक कुत्र्याची तुलना त्या जातीच्या लिखित मानकाशी करतो आणि मानकाच्या सर्वाधिक जवळ असणाऱ्यास वर काढतो. प्रवेशासाठी क्लबची नोंदणी आवश्यक असते व प्रवेशिका आगाऊ द्यावी लागते. बैलांच्या शर्यतीत जसे आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात, तसे येथे महिन्यांच्या वयानुसार वर्ग असतात. त्यांखेरीज खुला वर्ग व विजेतेपद मिळवलेल्यांचा वर्ग असतो. परीक्षक दात, हाडांची ठेवण व कातडी हाताने तपासतो आणि नंतर कुत्र्यास चालवून व धावडवून त्याची चाल पाहतो. वर्गांतील विजेत्यांतून सर्वोत्तम नर व मादी, त्यांतून जातीतील सर्वोत्तम, पुढे गटातील आणि अखेरीस प्रदर्शनातील सर्वोत्तम कुत्रा निवडला जातो. पैदाशीस योग्य जनावर निश्चित करणे हाच या निवडीचा मूळ हेतू होय.

कारवानी कुत्र्याचा प्रवास :
मध्य व पश्चिम आशियातून आलेल्या तांड्यांबरोबर या कुत्र्याचे पूर्वज दख्खनेत आले, असे परंपरेने मानले जाते. नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणे हे त्याचे काम; त्यामुळे उघड्या माळावर सशामागची धाव हेच त्याचे मानक होते. मुधोळचे अधिपती श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी या जातीस राजाश्रय दिला. त्यांनी बादशहा पंचम जॉर्ज यांस कुत्र्यांची जोडी भेट दिली व तेथून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते.

1948 मध्ये मुधोळ व जत ही संस्थाने विलीन झाली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ म्हैसूर राज्यात गेले, तर जत मुंबई राज्यात राहिले. कुत्रा एकच, पण त्याची नावे दोन झाली. 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने काढलेल्या तिकिटावर ‘मुधोळ हाउंड’ असे नाव आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत मात्र हीच जात ‘कॅरव्हान हाउंड’ आहे. जतच्या मेंढपाळाने प्रवेशिकेत कोणते नाव लिहावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ भाषेचा उरत नाही.

याहून मोठा बदल कायद्याने घडवला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही संपली. वन्यप्राण्यांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु कारवानी कुत्र्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कसोटी त्याबरोबर नाहीशी झाली. आता रिंगण हीच त्याची प्रमुख सार्वजनिक परीक्षा उरली आहे, आणि रिंगणात ठेवण दिसते, दम दिसत नाही.

निष्कर्ष :
प्रदर्शनामुळे कारवानी कुत्र्यास नाव, नोंद व प्रतिष्ठा मिळाली, हे मान्य करावे लागते. तथापि ज्या धनगर व शेतकरी कुटुंबांनी ही जात टिकवली, त्यांच्याकडील बहुतांश कुत्र्यांना वंशावळीचा कागद नाही. वंश अज्ञात असलेल्या कुत्र्याची तज्ज्ञांच्या पाहणीनंतर नोंद करण्याची तरतूद आहे. ती वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे. पाश्चात्त्य देशांत कृत्रिम सावजामागे धावण्याच्या स्पर्धा होतात. तशी जोड येथील प्रदर्शनास मिळाली, तर ठेवण आणि धाव या दोन्ही कसोट्या एकत्र येतील. अन्यथा मानकात बसणारा, परंतु माळावर न टिकणारा कुत्रा शिल्लक राहील आणि ‘कारवानी’ हे केवळ नोंदवहीतील नाव ठरेल.