कॉलची वाट

आमच्या शहापूर-मुरबाडकडे बी.ए. झालेल्या पोराला करिअरचा सल्ला एकच: "ठाण्याला जाऊन एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घाल." शहापूरकराला आसनगावहून लोकल तरी होती, मुरबाडला रेल्वेच नाही, आधी एसटीने कल्याण गाठायचं.

ही कार्यालयं १९४५ साली निघाली ती युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. पुढे १९५९ चा कायदा लागू झाला १ मे १९६० ला, म्हणजे नेमका महाराष्ट्र झाला त्या दिवशी! गोम अशी, की मालकाने रिकामी जागा फक्त कळवायची. यादीतलाच माणूस घ्यायचं बंधन नाही. आमच्याकडे हे कुणाला ठाऊक? लोक कार्ड रिन्यू करत कॉलची वाट बघत राहिले. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी जागांची जाहिरातही द्या म्हटलं, तेव्हा कार्डाचं वजन उतरलं. असो. तुमच्यापैकी कुणाकडे आहे का अजून ते कार्ड?