लेथवर मागे पडलेले गोल आटे

21 एप्रिल 1864 रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रनिर्मात्या विल्यम सेलर्सने एका भाषणात ब्रिटिश आट्यांच्या वर्मावर बोट ठेवले. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये सुचवलेल्या आट्यांचा कोन 55 अंशांचा होता, आणि माथा व तळ दोन्ही गोलसर. ही गोलाई कारखान्याला महाग पडते, असे सेलर्सचे म्हणणे होते. ती आणायला जादा हत्यारे लागतात आणि नटाची गोलाई बोल्टाच्या गोलाईशी जुळवणे तर फारच कठीण. त्याने 60 अंशांचे, सपाट माथ्या-तळाचे आटे पुढे केले. साधा टर्नरही ते पाडू शकत होता, म्हणून अमेरिकेने ते उचलले.

पण सगळेच आटे काही लेथवर पडत नाहीत.

त्या भाषणाच्या सुमारे साडेपाच वर्षे आधी, 30 नोव्हेंबर 1858 रोजी, न्यूयॉर्कमध्ये पत्र्याची कामे करणाऱ्या जॉन लँडिस मेसनला काचेच्या बरणीचे पेटंट मिळाले होते. त्याच्या बरणीचे आटे साच्यातच उमटत. काचेला धारदार कडा दिली तर तिचा टवका उडतो, त्यामुळे इथे आटे बोथट आणि गोलच हवेत. मेसनची खरी हुशारी पुढेच आहे: बरणीच्या खांद्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याने आटे विरवून टाकले. त्यामुळे जस्ताचे झाकण थेट खांद्यावर घट्ट बसू लागले आणि फळे-भाज्या टिकवणे घरोघरच्या आवाक्यात आले.

1880 च्या दशकात एडिसनच्या दिव्यालाही हीच गोलाई मिळाली. पातळ पितळी पत्र्यात खोल, टोकदार आटे काढायला गेले तर पत्रा फाटतो. हलकी लाट मात्र सहज उठते. दिव्याच्या खोक्यावरच्या ई27 मधला ‘ई’ एडिसनचा आणि 27 हा आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भारतात ब्रिटिश वळणाचा दोन पिनांचा होल्डर रुजला, तरी आट्यांचे दिवेही दुकानांत मिळतात.

नाजूक वस्तूंनी गोल आटे राखले, तसेच अगदी दणकट वस्तूंनीही. रेल्वेच्या डब्यांना जोडणाऱ्या स्क्रू कपलिंगच्या दांड्यावर एका बाजूला उजवे आणि दुसऱ्या बाजूला डावे आटे असतात. दांडा फिरवला की दोन्ही डबे एकमेकांकडे ओढले जातात. धूळ, गंज, हातोड्याचे घाव हे तिथले रोजचेच. टोकदार आट्यांची कडा अशा ठिकाणी चेपते आणि मग नट पुढे सरकत नाही. गोल आट्यांना चेपायला कडाच नसते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सुटे भाग एकमेकांना बसत नव्हते. त्याचा मोठा भुर्दंड सोसल्यावर 1948 मध्ये ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका समान आट्यांवर एकत्र आले. कोन सेलर्सचा, 60 अंशांचा राहिला. तळाला मात्र गोलाईची वाट पुन्हा मोकळी झाली. विमानांसाठी पुढे ठरलेल्या आट्यांत तर तळाची ठराविक गोलाई सक्तीचीच झाली, कारण सततच्या हादऱ्यांत बोल्टाला चीर जाते ती आट्यांच्या टोकदार तळापासूनच.