काठी आडी धर

माझ्या वडिलांची गळाची काठी बारा फुटांची होती, अखंड माणग्याची. माणगा म्हणजे आमच्या कोकणातला भरीव बांबू. बुंध्याला जवळजवळ पोकळी नाही आणि शेंडा मात्र वेतासारखा लवतो. पावसाळा सरल्यावर, अवसेच्या दिवसांत तोडलेली ती काठी खाडीच्या पाण्यात मुरवून, वाळवून त्यांनी गावाहून बोटीने आणली आणि मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरवली. मुरवण्याचं कारण साधं. पाणी बांबूतलं पिष्ट काढून घेतं आणि मग त्याला भुंगा लागत नाही.

आमची खोली घोडपदेवला, दहा बाय बाराची. बारा फुटांची काठी तिथे ठेवायची कुठे? वडिलांनी ती गॅलरीच्या तुळईखाली आडवी टांगली. सुतळीचे फास दोन नव्हे, पाच. दोनच फास दिले तर मधला भाग आपल्याच वजनाने खाली येतो आणि महिन्याभरात काठीला बाक धरतो. गरवून आलं की गोड्या पाण्याने धुवायची, फडक्याने कोरडी करायची, बोटभर खोबरेल चोळायचं, मगच वर टांगायची. जेवण त्यानंतर.

रविवारी पहाटे आम्ही रे रोडहून कुर्ल्याची गाडी धरायचो. पुढे बसने पवई, तिथे मृगळ किंवा कटला. ही हार्बर लाइन 12 डिसेंबर 1910 ला कुर्ला ते रे रोड अशी सुरू झाली. म्हणजे पहिली चौदा वर्षं हार्बरची गाडी रे रोडलाच संपत होती. 1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं नाव या रस्त्याला मिळालं. आता रस्ता बॅरिस्टर नाथ पै मार्ग आहे. वेंगुर्ल्याच्या माणसाचं नाव आमच्या रस्त्याला लागलं याचा घरी केवढा आनंद होता! स्टेशन मात्र रे रोडच राहिलं.

3 फेब्रुवारी 1925 ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. म्हणजे रे रोडच्या फलाटावरची तार ही देशातल्या पहिल्या तारांपैकी. दीड हजार व्होल्ट, डीसी. फलाटावर पाय ठेवला की वडील हमखास म्हणायचे, "काठी आडी धर रे, वयर तार आसा."

त्या बोलण्यामागचा हिशेब मला पुढे कळला. तार रुळापासून साधारण 5.5 मीटरवर असते आणि पुलाखाली आणखी खाली येते. फलाट रुळाहून जवळपास 84 सेंटिमीटर उंच. कमरेशी बुंधा धरून बारा फुटांची काठी उभी केली की शेंडा थेट तारेपर्यंत पोचतो. कोरड्या बांबूतून वीज सहसा जात नाही, पण परतीच्या वाटेवर काठी ओलीच असायची.

शेवटी त्यांनी ती कापली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दारूखान्यात मोडलेल्या जहाजांतून निघालेली पितळी नळी भंगारवाल्याकडून घेतली, चार-चार बोटांचे तुकडे केले, काठीचे तीन भाग करून सांध्यांना बसवले. करवत चालत असताना ते एक शब्द बोलले नाहीत. गावचा अखंड माणगा कापताना त्यांना काय वाटलं असेल, हे आज मला समजतं. पण त्या दिवसापासून काठी चार फुटांच्या खादीच्या पिशवीत मावू लागली. लगेजच्या डब्यात कोळणींच्या पाट्यांमागे ती सुखाने उभी राही. पाट्यांवर पाय पडू दिला नाही, तर त्या माउल्याही काठीला कुणाचा धक्का लागू द्यायच्या नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात फायबर ग्लासच्या काठ्या आल्या, सत्तरच्या दशकात कार्बनच्या. माझा भाचा आता कार्बनची काठी मोटारीतून नेतो. छताखाली दोन रबरी पट्टे आणि त्यांत तीन काठ्या. त्याची व्यवस्था चांगली आहे, पण मी त्याच्याकडून दोन गोष्टी करून घेतल्या. गळ काढून डबीत ठेवायचा, कारण गचका बसला की तो मागे बसलेल्याच्या डोळ्याशी येतो. आणि काठी ओली असताना पिशवीत कोंबून गाडी उन्हात लावायची नाही, सांध्याचा गोंद सुटतो, बुचाच्या मुठीला बुरशी धरते.

कार्बनचा खरा धोका वेगळा आहे. तो वीज वाहून नेतो, कोरडा असला तरी. आणि 2016 पासून हार्बरच्या तारेत दीड हजार व्होल्ट नाहीत, पंचवीस हजार आहेत, एसी. या तारेला टेकावंच लागतं असं नाही. नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारते, म्हणून रेल्वे दोन मीटरचं अंतर राखायला सांगते.

वडिलांची काठी अजून माझ्याकडे आहे. पितळ काळवंडलंय, पण तिन्ही सांधे घट्ट बसतात. तुमच्यापैकी कुणी काठी घेऊन लोकलने निघणार असेल, तर ती पिशवीतच राहू द्या. सांधे पाण्याच्या काठी पोचल्यावर जोडा, आणि तिथेही आधी मान वर करून तार आहे का ते बघा.