अम्मीच्या अंगठीतला ओपल

अम्मीच्या अंगठीतला ओपल खोटा आहे, असे एका सराफाने भिंगातून पाहून सांगितले. ऐंशीच्या दशकात मामूंनी कुवेतहून आणलेली ती अंगठी. दुधाळ खडा; हात हलला की आत हिरवी, निळी, लाल चमक फिरते. रंगाच्या ठिपक्यांवर खवल्यांसारखी नक्षी आहे, म्हणजे कारखान्यातला, एवढेच सराफ म्हणाला. अम्मी गप्प बसली. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण 'खोटा' हा शब्द टोचला आणि मी या खड्याच्या मागे लागलो.

'ओपल' हे नाव संस्कृत 'उपल' म्हणजे दगड, यावरून गेले असे मानतात. त्याच्या रंगाचे कोडे मात्र फार उशिरा सुटले. आमच्या उमरोळीहून तारापूरची औद्योगिक वसाहत जवळ. इथे रंग म्हणजे पिंपातली भुकटी. ओपलच्या या चमकेत असली भुकटी नसतेच. १९५३ मध्ये सी. व्ही. रामन आणि ए. जयरामन यांनी ती आतल्या सूक्ष्म थरांमुळे येते, असे मांडले. थर होतेच. ते कशाचे, हे १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसले: सिलिकाच्या, म्हणजे वाळूच्याच द्रव्याच्या, एका मापाच्या गोळ्या. मिलिमीटरभर ओळीत चारेक हजार!

घोलवडकडे चिकू मापाने निवडून खोक्यात भरतात, ते आठवा. एका मापाचे चिकू एकमेकांच्या खळग्यांत नीट बसतात. लहानमोठे मिसळले की रचना मोडते. गोळ्यांचेही तसेच. त्यांच्या रांगांमधले अंतर प्रकाशलहरींच्या मापाचे, म्हणून निवडक रंगच उजळून परततो. लहान गोळ्यांतून निळा, मोठ्यांतून लालही.

१९६८ मध्ये स्टोबर आणि सहकाऱ्यांनी अल्कोहोल, पाणी, अमोनिया आणि सिलिकॉनचे एक संयुग यांतून एकसारख्या गोळ्या बनवण्याची रीत प्रसिद्ध केली. १९७४ च्या सुमारास फ्रान्समधील पिएर गिल्सन यांचे ओपल बाजारात आले. गोळ्या द्रवात सावकाश तळाशी बसू द्यायच्या, महिनोन्महिने. मग तो थर सुकवून घट्ट करायचा. एकही गोळी कुणी हाताने रचत नाही. माणूस माप राखतो आणि वाट पाहतो.

सराफाचे चुकले नव्हते. कारखान्यातला खडा खाणीतला म्हणून विकणे ही फसवणूकच. पण रंगीत काच वेगळी आणि हा वेगळा. याची चमक खाणीतल्या ओपलसारखीच, रांगांतून येते.

हे सारे मी अम्मीला सांगितले. तिने अंगठी उजेडात फिरवली आणि विचारले, "मामूंना किती पैसे पडले असतील रे?"