तलाव बघायला गेलो आणि पाणीच नव्हतं

मोबाइलवर सातारा जिल्ह्याचा नकाशा उघडा. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर दिसेल आणि पूर्वेला खटाव तालुक्याचं मुख्य ठिकाण, आमचं वडूज. महाबळेश्वरला वर्षात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर वडूजला पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच असला तरी उन्हाळ्याच्या सुट्टीचे इतिहास मात्र दोन आहेत. त्यातल्या एकावर भरपूर लिहिलं गेलंय. दुसरा आमच्या घरात वडापच्या मागच्या सीटवर बसून घडला.

पहिला आधी सांगतो. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1828 च्या सुमारास महाबळेश्वरला थंड हवेचं ठिकाण वसवलं. पेठेला त्याचंच नाव पडलं, माल्कम पेठ. पुढे मुंबई सरकार उन्हाळ्यात फायली घेऊन तिथेच मुक्कामाला जायला लागलं. साहेब लोक जिथे उभे राहून दरी बघत, त्या जागांना त्यांची नावं मिळाली. आर्थर सीट, लॉडविक पॉइंट, विल्सन पॉइंट. आजही आपण तिथे जाऊन त्या पाट्यांखाली फोटो काढतो.

आता दुसरा. आमच्या भागातली कितीतरी घरं गलाईवर चालतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं काम. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतली माणसं या धंद्यासाठी देशभर पांगली. माझे दोन काका त्यासाठी तमिळनाडूत गेले. वर्षभर घरात आज्जी, आई-बाबा, मी आणि बहीण एवढेच. मे महिना लागला की दोन्ही काकांची कुटुंबं यायची आणि घरात तेरा माणसं व्हायची. म्हणजे जग उन्हाळ्यात थंड जागी जायचं आणि आमचे लोक शाळांना सुट्टी, लग्नसराई आणि जत्रा गाठायला भर उन्हात वडूजला यायचे.

आलेल्या पोरांना चौथ्या दिवशी कंटाळा यायचा. मग सहल ठरायची. एक वडाप दिवसभरासाठी सांगायची, पहाटे सहाला निघायचं ठरवायचं आणि साडेनऊला निघायचं. खिडकीवरून भांडण, वळणावर कुणाला तरी मळमळ, पाण्याच्या कॅनचं झाकण घरी राहिलेलं, दशम्यांच्या डब्यात लोणच्याचं तेल सांडलेलं. हे दरवर्षी ठरलेलं.

जायच्या जागाही ठरलेल्या. एक औंध. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना पाय भाजायचे, म्हणून मोठी माणसं देवीचं नाव घ्यायची आणि आम्ही सावलीचे ठिपके शोधायचो. डोंगरावरच औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलेलं संग्रहालय आहे. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही. आम्हाला त्यातलं सगळ्यात जास्त आवडायचं ते तिथल्या फरशीचं गारपण.

दुसरी जागा म्हणजे तलाव. नेर, मायणी, येरळवाडी, नाहीतर म्हसवडच्या सिद्धनाथाचं दर्शन घेऊन राजेवाडी. आणि खरी निराशा इथेच व्हायची. थंडीत येरळवाडी, मायणीला रोहित पक्षी येतात. मे महिन्यात तिथे उरायचा भेगाळलेला गाळ आणि मधोमध म्हशी बसतील एवढं डबकं. काकांचा धाकटा एकदा रडायलाच लागला. “तलाव कुठाय?” तो परत परत विचारत होता. काका वैतागून ड्रायव्हरवर ओरडले, जणू पाणी त्यानेच लपवलं होतं.

आज्जी मात्र तळ्याकडे बघायचीच नाही. ती बांधावर बसायची आणि दगडावरून हात फिरवायची. म्हणायची, “पाणी काय, येतंय आन जातंय. ह्यो दगड कुणीतरी डोक्यावरनं आणलाय.”

तिच्या या वाक्याने मला तलावांच्या इतिहासाकडे नेलं. राजेवाडीचा तलाव हे 1876-78 च्या मोठ्या दुष्काळातलं काम. त्या काळात सरकार दुष्काळी कामं काढून भुकेल्या लोकांना मजुरी द्यायचं. मजुरी किती? व्हाइसरॉयने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलने 1877 च्या सुरुवातीला ती कमी करून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी या मजुरीवर काम नाकारलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला. म्हणजे उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाणाऱ्या सरकारचा प्रमुख. माझ्या नकाशावरची दोन टोकं या एका माणसापाशी जुळतात.

आज्जीचा दगड मात्र इतका जुना नाही. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली. पोटापुरती ज्वारीही पिकली नव्हती. ती खडी फोडायला गेली आणि नंतर एका पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला. मस्टरवर नाव, मुकादमाची हाळी, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी. हे शब्द ती आजही कालच्यासारखे वापरते. महाराष्ट्रात अशा कामांवरच्या मजुरांचा आकडा मे 1973 मध्ये पन्नास लाखांच्या जवळ पोचला होता. मे महिना, म्हणजे आमच्या सहलीचाच महिना.

टेंपलच्या वेळी आणि 1972 ला काम तेच होतं, पण मधल्या काळात एक विचार बदलला. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आमच्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यातले. तासगाव भागात 1965 मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा दयेचा नाही, हक्काचा विषय झाला. वडूजवरून वाहणारी येरळाही पुढे सांगली जिल्ह्यात जाऊन ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. बहुतेक उन्हाळ्यांत ती कोरडीच असते, तरी विचाराला वाट मिळाली.

आमच्या गावाला नावं कोरायची सवय नाही असं नाही. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्यांचं स्मारक आहे आणि ते असायलाच हवं. महाबळेश्वरला नुसतं उभं राहून दरी बघणाऱ्यांचीही नावं राहिली. बांधावर माती टाकणाऱ्यांची नावं फक्त मस्टरवर होती, आणि मस्टर रद्दीत जातं.

आता गोष्टी बदलल्यात. जिहे-कठापूर योजनेतून उचललेलं कृष्णेचं पाणी नेर तलावापर्यंत आलंय. आणि नेमकी आता माणसं येत नाहीत. धाकट्या काकांनी तिकडेच फ्लॅट घेतला. यंदा फॅमिली ग्रुपवर पोल आला: मे महिन्यात कुठे भेटायचं? महाबळेश्वरला नऊ मतं आणि वडूजला तीन. पोरांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. तेरा माणसांत एक बाथरूम आणि दुपारी गेलेली लाइट मीही भोगलीय. पण आज्जीचे गुडघे घाट चढणार नाहीत, आणि तिला सोडून भेटायचं तर ते कसलं भेटणं, हे ग्रुपवर अजून कुणी लिहिलेलं नाही.

मी पुण्याहून दर महिन्याला वडूजला जातो. तेवढ्यात एक काम सुरू केलंय. त्या पाझर तलावावर आज्जीबरोबर कामाला असलेल्यांची नावं फोनमध्ये लिहून घेतोय. आतापर्यंत एकवीस झाली. बायकांची ती माहेरच्या गावासकट सांगते. मी विचारलं, “आज्जी, तुला एवढी नावं कशी आठवतात?”

ती म्हणाली, “रोज हाळी व्हायची की. नाव घेतल्यावर ‘हाय’ म्हणलं न्हाई, तर खाडा पडायचा.”

मी ती यादी ग्रुपवर टाकली, पोलच्या खालीच. मोठ्या काकांनी पहिलं उत्तर दिलं. बाविसावं नाव त्यांना आठवलं होतं.