उच्च वातावरण निरीक्षण, महाराष्ट्रातील

उच्च वातावरण निरीक्षण, महाराष्ट्रातील : भूपृष्ठापासून सु. ६० किमी.च्या वर असलेले विरळ वातावरण, त्यातील विद्युत् भारित कणांचे थर (आयनांबर) आणि त्यांवर सूर्यावरील घडामोडींचे होणारे परिणाम यांचे वेध घेण्याच्या कार्याचा महाराष्ट्रातील इतिहास. सूर्यापासून सतत वाहणारा सौर वारा, सूर्यावरील उद्रेक आणि त्यांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात व आयनांबरात उद्‌भवणारे क्षोभ यांस एकत्रितपणे ‘अवकाश हवामान’ अशी संज्ञा आहे. या विषयात एकाच ठिकाणी घेतलेल्या वेधांचा उपयोग मर्यादित असतो. एखादा क्षोभ स्थानिक आहे की जागतिक, तो ध्रुवाकडून आला की विषुववृत्ताकडून, हे दूरदूरच्या केंद्रांवरील समकालीन नोंदी शेजारी ठेवल्यावरच कळते. त्यामुळे या शास्त्राचा इतिहास हा बऱ्याच अंशी निरीक्षण-केंद्रांच्या जाळ्यांचा इतिहास आहे. त्यात महाराष्ट्रातील कुलाबा, अलिबाग, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर व कोल्हापूर या ठिकाणांना महत्त्व आहे.

चुंबकीय वेधशाळा : अशा जाळ्याची पहिली यशस्वी योजना कार्ल फ्रीड्रिख गौस व व्हिल्हेल्म वेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३६–४१ या काळात गटिंगेन येथून राबविली. निरनिराळ्या देशांतील निरीक्षकांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घटकेला चुंबकसूचीचे वेध घ्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. याच प्रेरणेने ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई, मद्रास, सिमला व सिंगापूर येथे चुंबकीय वेध सुरू केले. मुंबईत १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत हे काम १८४१ मध्ये सुरू झाले. सिमला व सिंगापूर येथील वेध काही वर्षांतच थांबले. कुलाब्याचे मात्र चालू राहिले आणि या चिकाटीचे फळ १८५९ मध्ये मिळाले.

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदांना सौर डागांच्या एका समूहावर अकस्मात झळकलेला तीव्र प्रकाश दिसला. त्यानंतर एक दिवसही पुरा होण्यापूर्वी पृथ्वीवर प्रचंड भूचुंबकीय वादळ झाले व तारायंत्रे बिघडली. यूरोपातील काही केंद्रांवर आलेखाची रेषा कागदाबाहेर गेल्याने वादळाचे मोजमाप होऊ शकले नाही. कुलाब्यास निरीक्षक डोळ्यांनी मोजपट्टी वाचून नोंद करीत. वादळ चालू असताना त्यांनी नेहमीच्या तासापेक्षा बऱ्याच कमी अंतराने वाचने घेतली. क्षितिजसमांतर चुंबकीय तीव्रता सु. १,६०० नॅनोटेस्लांनी म्हणजे सु. चार टक्क्यांनी उतरल्याचे या नोंदींवरून दिसते. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. क्षणिक उतार आणि तासाची सरासरी यांत फरक करावा लागत असल्याने वादळाच्या जागतिक तीव्रतेविषयी मतभेद आहेत. तथापि त्या वादळाच्या मोजमापाचा मुख्य आधार कुलाब्याची नोंद हाच आहे. १३ मार्च १९८९ च्या ज्या वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सु. नऊ तास बंद पडला, ते याहून बरेच सौम्य होते.

नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस हे १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरल्यावर विद्युत् प्रवाहामुळे चुंबकीय वेध दूषित होणार हे उघड झाले. मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेस सु. ३० किमी.वर अलिबाग येथे लोहरहित साहित्याची नवी वास्तू उभारून घेतली आणि १९०४ पासून सु. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले. या दुहेरी नोंदींमुळे दोन स्थळांतील फरक निश्चित करता आला व जुन्या-नव्या मापनांची मालिका अखंड जोडली गेली. १८४६–१९०५ या कालखंडातील कुलाब्याच्या वेधांचे मूस यांनी केलेले संकलन १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. १९७१ मध्ये स्वायत्त झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था अलिबागची वेधशाळा चालवीत असून संस्थेचे मुख्यालय नवी मुंबईत पनवेल येथे आहे.

जेऊर येथील ग्रहणवेध : चुंबकीय वादळांचे कारण सूर्यात आहे असा संशय १८५९ नंतर बळावला, तरी सूर्यापासून पृथ्वीपर्यंत नेमके काय येते हे अज्ञात होते. सूर्याचे अतिविरळ बाह्य वातावरण, म्हणजे किरीट, त्या काळी केवळ खग्रास ग्रहणातच दिसू शके. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे गेला. त्यावर विजयदुर्ग येथे नॉर्मन लॉक्यर, वऱ्हाडातील तळणी येथे एडवर्ड व ॲनी माँडर आणि पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर (ता. करमाळा) येथे दोन प्रमुख पथके होती. जेऊरच्या पथकांपैकी एक अमेरिकेतील लिक वेधशाळेचे होते व त्याचे नेतृत्व विल्यम वॉलेस कँबेल यांच्याकडे होते. दुसरे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे होते. छायाचित्रे व वर्णपट घेण्याची मोठी उपकरणे येथे रेल्वेने आणता आली. जानेवारीतील कोरडे, निरभ्र आकाशही अनुकूल ठरले. नायगमवालांनी जेऊरच्या वेधांचा सविस्तर अहवाल पुढे प्रसिद्ध केला. त्यांच्या वेधशाळेतील उपकरणे १९१२ मध्ये कोडईकनाल येथे हलविण्यात आली.

तळणी येथे ॲनी माँडर यांनी घेतलेल्या छायाचित्रात किरीटाचा एक किरण सूर्यापासून फार दूरवर पसरलेला आढळला. एडवर्ड माँडर यांनी १९०४ च्या सुमारास चुंबकीय वादळांच्या नोंदी तपासून, ती सु. २७ दिवसांनी म्हणजे पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्याच्या परिभ्रमणकालाने पुन:पुन्हा येतात, असे दाखविले. यावरून सूर्याच्या विवक्षित भागांतून निघणारे झोत पृथ्वीवर येऊन आदळतात ही कल्पना पुढे आली. आजच्या सौर वाऱ्याच्या संकल्पनेचे ते पूर्वरूप होय.

रेडिओ तरंगांचा उपयोग : १९०१ मध्ये मार्कोनी यांचे रेडिओ-संदेश अटलांटिकपार गेल्यावर, उच्च वातावरणात तरंग परावर्तित करणारा विद्युत् संवाहक थर असावा, असे केनेली व हेव्हिसाइड यांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे सुचविले. एडवर्ड ॲपल्टन यांनी १९२४ च्या अखेरीस या थराचे अस्तित्व सिद्ध केले. पुढील वर्षी ग्रेगरी ब्राइट व मर्ल ट्यूव्ह यांनी रेडिओ स्पंद वर सोडून त्यांचा प्रतिध्वनी परत येण्यास लागणाऱ्या काळावरून थराची उंची काढली. पुढे विमाने शोधण्यासाठी विकसित झालेल्या रडारचे तत्त्व हेच आहे. भारतात या विषयाचा पाया शिशिरकुमार मित्र यांनी कलकत्त्यास घातला. आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात (१९५७-५८) जगभरच्या आयनांबरीय केंद्रांचे कार्य एकसूत्री झाले.

यानंतर अधिक समर्थ रडारे आली. इलेक्ट्रॉनांकडून होणाऱ्या अतिक्षीण प्रकीर्णनावर आधारलेली पद्धत विल्यम गॉर्डन यांनी १९५८ मध्ये सुचविली. तिच्यासाठी पेरूमधील हिकामार्का व प्वेर्त रीकोमधील आरेसीबो येथे प्रचंड आकाशक उभारण्यात आले. आरेसीबोची दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली. कॅनडातील गूज बे येथे १९८३ मध्ये सुरू झालेल्या रडारातून ‘सुपरडार्न’ हे आंतरराष्ट्रीय जाळे वाढले. त्यात तीसहून अधिक रडारे असून ती सु. ८ ते २० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालतात. प्रत्येक रडार हजारो किमी.पर्यंतच्या आयनांबरातील द्रव्याचा वेग मोजते आणि सर्वांची वाचने एकत्र करून ध्रुवीय प्रदेशांवरील प्रवाहांचा नकाशा दर काही मिनिटांनी तयार होतो. हे जाळे प्रामुख्याने उच्च व मध्य अक्षांशांत पसरलेले आहे. चुंबकीय वादळाच्या वेळी ध्रुवाकडील विद्युत् क्षेत्र अल्पावधीत विषुववृत्तापर्यंत पोहोचते. त्यामुळे नीच अक्षांशांवरील केंद्रांवाचून हे चित्र अपुरे राहते.

कोल्हापूर येथील रडार : भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. थुंबा येथे १९६३ मध्ये अग्निबाण-प्रक्षेपण केंद्र स्थापण्याचे हे एक प्रमुख कारण होते. तिरुपतीजवळ गादंकी येथे ५३ मेगॅहर्ट्‌झचे मोठे रडार १९९० नंतरच्या दशकात कार्यान्वित झाले. भूचुंबकत्व संस्थेने १.९८ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेची दोन मध्यम कंप्रता रडारे उभारली. तिरुनेलवेली येथील रडार १९९२ मध्ये, तर कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील रडार १९९९ मध्ये सुरू झाले.

हे रडार पावसाच्या रडाराहून अगदी भिन्न आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१८-१९ मध्ये सोलापूर येथे केलेल्या मेघबीजन प्रयोगात वापरलेल्या रडाराची तरंगलांबी सु. ५ सेंमी. होती, त्याचे तरंग ढगांतील जलबिंदूंवरून परततात. कोल्हापूरच्या रडाराची तरंगलांबी सु. १५० मी. आहे. त्याचे स्पंद सरळ वर जातात व ६० ते १०० किमी. उंचीवरील इलेक्ट्रॉन-घनतेतील लहानसहान अनियमिततांवरून अंशत: परावर्तित होतात. परतलेल्या प्रतिध्वनींचा आकृतिबंध जमिनीवरून, ढगाची सावली सरकावी तसा, वाऱ्याबरोबर सरकतो. त्रिकोणाच्या तीन कोनांवर ठेवलेल्या आकाशकांवर तो किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. या कालांतरावरून वाऱ्याची दिशा व वेग काढतात.

या उंचीपर्यंत फुगे पोहोचत नाहीत आणि कृत्रिम उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. अग्निबाण या थरातून काही मिनिटांतच निघून जातो. त्यामुळे अहोरात्र व वर्षानुवर्षे वारे मोजण्यास जमिनीवरील रडार फार उपयोगी पडते. १२ व २४ तासांच्या वातावरणीय भरती-ओहोटी, काही दिवसांच्या आवर्तकालाचे ग्रहीय तरंग व त्यांचे ऋतुमानानुसार होणारे बदल अशा वेधांतून दिसून येतात. कोल्हापूर व तिरुनेलवेली यांच्या अक्षांशांत सु. आठ अंशांचे अंतर आहे, रेखांशांत मात्र थोडेच. तिरुनेलवेलीवर विषुववृत्तीय विद्युत् झोत वाहत असल्याने तेथे सु. ९५ किमी.च्या वर मोजलेला वेग वाऱ्याचा की विद्युत् क्षेत्रामुळे हलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, हे ठरविणे अवघड जाते. कोल्हापूर त्या झोतापासून दूर आहे. दोन्ही ठिकाणच्या वाचनांची तुलना केल्याने या प्रश्नाचा उलगडा करण्यास मदत होते.

व्यावहारिक महत्त्व व उणिवा : सूर्यास्तानंतर नीच अक्षांशांवरील आयनांबरात इलेक्ट्रॉन-विरळ ‘बुडबुडे’ निर्माण होतात व उपग्रहांकडून येणारे संदेश त्यांमुळे लुकलुकतात. विमानांचे मार्गनिर्देशन व दळणवळण यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून वरच्या थरांतील लहरींचा वेध घेणे महत्त्वाचे ठरते. २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले आदित्य-एल१ हे भारतीय यान सूर्याचे व सौर वाऱ्याचे वेध घेते. मे २०२४ च्या तीव्र वादळात लडाखमधील हान्ले येथेही ध्रुवीय प्रकाशाची तांबूस छटा टिपली गेली. यानाने झोत येताना पाहिला, तरी त्याचा भारतावरील वातावरणावर झालेला परिणाम जमिनीवरील केंद्रांनाच मोजावा लागतो.

ध्रुवीय प्रदेशांच्या तुलनेत नीच अक्षांशांवर रडार-केंद्रे विरळ आहेत. सूर्याचे क्रियाचक्र सु. ११ वर्षांचे असल्याने एका चक्राची दुसऱ्याशी तुलना करण्यास एकाच केंद्राचे निदान दोन-तीन दशकांचे वेध लागतात. सिमला व सिंगापूर येथील वेध लवकर थांबल्यामुळे १८५९ च्या वादळाची तेथील वाचने उपलब्ध नाहीत. कुलाब्याची वाचने मात्र १४४ वर्षांनंतरही उपयोगी पडली. यामुळे उपकरण बदलताना मूस यांनी केल्याप्रमाणे जुन्या व नव्या उपकरणांचे वेध काही काळ एकत्र घेणे आणि मालिका खंडित होऊ न देणे आवश्यक ठरते, कारण निसटलेले वेध मागाहून घेता येत नाहीत.